संघाचे गाव कोणते?

साहित्याच्या या पानावर कबड्डीचा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची आम्हांस कल्पना आहे. पण आम्ही मुकुटबनच्या परिसरात मराठी शिकवतो आणि कापूस वेचणीचा हंगाम ओसरला की आमच्या वर्गातील मागचे दोन बाक रिकामे होतात. ती मुले कुठे असतात, हे आम्हांला ठाऊक असते. गावोगावी ‘भव्य खुल्या कबड्डी सामन्यां’चे फलक लागलेले असतात, हॅलोजनच्या उजेडात माती शिंपून मैदान आखलेले असते. काव्यशास्त्राच्या तासाला जांभया देणारा विद्यार्थी तेथे दम घालत मध्यरेषा ओलांडतो, तेव्हा तो निराळाच कुणी असतो.

याच मुलांच्या भ्रमणध्वनीवर प्रो कबड्डी लीग दिसते. 2014 मध्ये आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सने ही लीग सुरू केली. पुढच्याच वर्षी स्टार इंडियाने तिच्यात बहुमताचा वाटा घेतला. आज तिच्यात 12 संघ आहेत. महाराष्ट्राचे दोन, मुंबईचा आणि पुण्याचा. विदर्भाचा एकही नाही. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जगापुढे कबड्डीचे प्रात्यक्षिक केले ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने, हे येथे आठवल्यावाचून राहवत नाही. आमची बरीच मुले तेलुगू टायटन्सच्या बाजूची आहेत. त्यात नवल नाही. मुकुटबनहून मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, आणि पैनगंगेपलीकडची भाषा अर्ध्या घरांतून बोलली जाते.

तेव्हा ‘नागपूरला एक संघ द्या’ अशी मागणी वरचेवर होते. ती आम्हांला पुरेशी वाटत नाही. किंबहुना ती चुकीच्या टोकाकडून सुरू होते. पुण्याला संघ आहेच. 2025 च्या हंगामात पुणेरी पलटण अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली; पण त्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे झाले. म्हणजे पुण्याच्या संघाने पुण्यात एकही सामना न खेळता उपविजेतेपद मिळवले. खर्चाचा हिशेब आम्हांला समजतो. दूरचित्रवाणीचा ताफा बारा शहरांत हलवणे परवडत नसेल. परंतु मग ‘पुणेरी’ या विशेषणाने नेमके कोणते विशेष्य विशेषित होते, असा व्याकरणाच्या मास्तराचा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाने आम्हांला फार दूरच्या, पण आमच्यासारख्याच एका मुलखाकडे नेले. मुकुटबन-वणीच्या भोवती कोळशाच्या खाणी आहेत. इंग्लंडच्या पश्चिमेचा वेल्स हा देशही एकेकाळी कोळशावर जगला आणि तेथील खाणकामगारांच्या वस्त्यांनी रग्बी हा खेळ आपला मानला. 1995 मध्ये तो खेळ व्यावसायिक झाला. पैसा पुरेना, म्हणून 2003 मध्ये वेल्सच्या रग्बी संघटनेने वरच्या थरातील नऊ क्लबांऐवजी पाच प्रादेशिक संघ केले. खाणींच्या खोऱ्यातील पाँटीप्रिद आणि शेजारचे ब्रिजएंड यांचा मिळून ‘सेल्टिक वॉरियर्स’ झाला आणि एका हंगामानंतर, 2004 मध्ये, तो बंदही करण्यात आला. चार उरले. 2025 मध्ये संघटनेने त्यांचेही तीन करण्याचा निर्णय जाहीर केला. दर वेळी हिशेब बरोबर असतो, आणि दर वेळी वाद पेटतो तो एकाच गोष्टीवर: नकाशावर आखलेल्या प्रदेशासाठी माणूस गळा फाडून ओरडत नाही, आपल्या गावच्या क्लबसाठी ओरडतो. संघ वाचवताना गाव तुटले तर पुढचे खेळाडू कोण घडवणार, याचे उत्तर तेथेही मिळालेले दिसत नाही.

आमच्याकडे घडवणारे ‘मंडळ’ असते. त्याचा कारभार एखाद्या पानटपरीवर चालतो आणि त्याचा प्रशिक्षक म्हणजे स्वतः कधीकाळी जिल्ह्याला खेळलेला शिपाई किंवा शेतकरी. हा माणूस बारा-तेरा वर्षांच्या पोराला पायाची पकड शिकवतो, सामन्याला नेताना एसटीचे तिकीट काढतो, घरी आईला समजावतो. 2019 च्या लिलावात चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईवर तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख रुपयांची बोली लावली, तेव्हा आम्हांलाही अभिमान वाटला. पण अशा बोलीतला काही वाटा पहिल्या मैदानाकडे हक्काने परत जावा, अशी सोय लीगच्या रचनेत असायला हवी.

फुटबॉलमध्ये ती आहे. खेळाडूच्या हस्तांतरणाच्या रकमेतील 5 टक्के हिस्सा, त्याला वयाच्या 12 ते 23 वर्षांपर्यंत ज्यांनी शिकवले त्या क्लबांत वाटला जातो. हाच नियम कबड्डीच्या लिलावाला लावला, तर वरच्या एका बोलीतून सव्वासात लाख निघाले असते. त्यात मंडळाची मॅट येऊन वर काही उरले असते. आज आमची मुले मातीत शिकतात आणि निवड चाचणीला मॅटवर घसरतात. मातीच्या सुगंधाची कविता आम्ही वर्गात शिकवू. पण मॅट नसणे हा संस्कृतीचा ठेवा नव्हे, ती गैरसोय आहे.

आमचे म्हणणे असे की प्रत्येक संघाला शहराऐवजी मुलूख नेमून द्यावा. विदर्भाची कबड्डी संघटना वेगळी आहे, राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ वेगळा उतरतो; मग कोणत्या तरी एका संघाने विदर्भाची जबाबदारी घ्यावी. नाव त्याचे काहीही असो. त्या मुलखात हंगामातले निदान दोन सामने, मंडळांचा हिस्सा, आणि त्याच मुलखाचा मुलींचा संघ. 2016 मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा या लीगच्या जोडीने एकदा झाली, पुढे चालली नाही. आमच्या महाविद्यालयांत कबड्डीसाठी मुलींची नावे मुलांपेक्षा कमी येत नाहीत.

लीगमुळे मुलांना काही मिळाले नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पूर्वी चांगला खेळ म्हणजे रेल्वेत, पोलिसांत किंवा एखाद्या कंपनीत नोकरी, एवढेच स्वप्न होते. ते स्वप्न आता मोठे झाले आहे. (शब्दही बदलले: चढाईची ‘रेड’ झाली, लोणाचे ‘ऑल आउट’. शब्द पैशाच्या मागून जातात, त्यावर रुसून उपयोग नाही.) पण मोठ्या स्वप्नाची जोखीम अजून मंडळाच्याच खांद्यावर आहे.

दोन वर्षांपूर्वी आमचा एक विद्यार्थी तालुक्याच्या सामन्यात पकडीखाली गुडघ्यावर पडला. स्नायुबंध तुटला होता. विमा नव्हता. शस्त्रक्रियेसाठी मंडळाने त्याच आठवड्याच्या सामन्यांची बक्षिसाची रक्कम दिली, प्रतिस्पर्धी मंडळाने आपली त्यात घातली, उरलेली आम्ही शिक्षकांनी जमवली. आता तो बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गात पहिल्या बाकावर बसतो, कारण मागच्या बाकापर्यंतची पायरी त्याला चढवत नाही. संध्याकाळी मैदानावर लहान मुलांचे गुण लिहितो.