‘नाही’ आधी आले म्हणून मराठी गेली?

पांढुर्णा-सौंसरचा तरुण “मी नाही जाऊन राहिलो” असे म्हणाला की पुण्या-मुंबईचा पाहुणा हसतो आणि हिंदीभाषक शेजारी समाधानाने मान डोलावतो. एकाच्या मते ही बिघडलेली मराठी, दुसऱ्याच्या मते जवळजवळ हिंदीच. या दोघांनीही ते वाक्य नीट ऐकलेलेच नाही, असा आमचा आरोप आहे.

हिंदीच्या ‘जा रहा हूँ’मध्ये धातू उघडा असतो आणि बोलणारा ‘मी’ आहे हे सांगायला ‘हूँ’ लागतो. आमच्या वाक्यात धातूला मराठी ‘ऊन’ जोडलेला आहे आणि ‘राहिलो’तला ‘लो’ ते काम एकटाच करतो. साचा शेजारचा असेल, प्रत्यय घरचे आहेत. शिवाय हा प्रयोग आमच्या पोरांनी कालपरवा काढलेला नाही; नागपूर-अमरावतीकडे तो घरोघरी आहे.

उरला ‘नाही’चा प्रश्न. प्रमाण मराठीत ‘मी जात नाही’ हे साधे विधान. ‘मी नाही जात’ म्हणताना आवाज ‘नाही’वर चढतो आणि त्यात हट्ट येतो. सीमेवर ‘नाही’ क्रियापदाआधी एरवीही येते. मग हट्ट कुठे गेला? तो सुरात गेला. खरोखर अडून बसलेला मुलगा ‘नाऽही जाऊन राहिलो’ म्हणतो, आणि आईला फरक बरोबर कळतो. क्रियापदाआधीचा नकार ज्यांना परका वाटतो, त्यांनी ‘न सांगता’ आणि ‘न कळत’ यांचे काय करायचे तेही सांगावे.

असाच खटला जर्मनीत चालला. जर्मन विधानवाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी लागते. ‘काल होतो मी सिनेमाला’ अशी ती रचना. बर्लिनच्या बहुभाषक वस्त्यांतील मुले ‘काल मी होतो सिनेमाला’ म्हणू लागली, ‘इख’चे ‘इश’ करू लागली, आणि भाषा बुडाल्याची हाकाटी झाली. पॉट्सडॅम विद्यापीठाच्या हायके वीझे यांनी २०१२च्या पुस्तकात तिला जर्मनचीच नवी बोली ठरवले. आधी प्रसंग, मग ज्याच्याविषयी बोलायचे तो, मग क्रियापद, असा तिथे नियम आहे. घरी केवळ जर्मन बोलणारी मुलेही ती बोलतात. या मतासाठी वीझेबाईंना शिव्याही खाव्या लागल्या.

पण त्या मुलांना शाळा जर्मन शिकवते. आमच्या मुलांच्या शाळेची भाषा हिंदी. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात मराठी आणि हिंदी दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही इकडे राहिलो. २०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, तरी भाषेचा प्रश्न होता तिथेच आहे. अल्पसंख्य भाषकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावे, यासाठी सोयी पुरवण्याचा प्रयत्न करा, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०-अ राज्याला सांगतो. पण मागणी करताना संख्या विचारली जाते, आणि २०२७च्या जनगणनेत प्रगणक मातृभाषा म्हणून सांगितलेले तेच लिहिणार. ‘तुझी मराठी मराठीच नव्हे’ असे दोन्हीकडून ऐकलेला मुलगा त्याला काय सांगेल?

ज्यांना आमचे ‘नाही’ खटकते त्यांनी आधी सौंसरला एक मराठी वर्ग मागायला आमच्यासोबत यावे. वाक्यक्रमाचे त्या वर्गात बसून पाहू.