पिवळ्या पट्ट्याची भाषा

प्लॅस्टिकचं विमान जोडून झालं, की पंखाखालचे बॉम्ब घाईघाईने हिरवे करून चिकटवून टाकायचे, ही आम्हा छंदिष्टांची सर्रास रीत. मला ती पटत नाही. त्या रंगांना अर्थ आहे.

अमेरिकी पद्धतीत नाकाजवळचा पिवळा पट्टा म्हणजे आत जबर स्फोटक. तपकिरी पट्टा कमी तीव्रतेच्या दारूचा, जसं रॉकेटचं इंधन. अख्खा निळा बॉम्ब सरावाचा. साल मात्र बघावं लागतं. 1941 मध्ये त्यांचे स्फोटक बॉम्ब सबंध पिवळे असत. 1942 पासून अंग हिरवट झालं आणि पिवळा पट्ट्यांपुरता उरला.

नौदलाचे बॉम्ब आणखी वेगळे. 29 जुलै 1967 रोजी ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू जहाजावर चुकून सुटलेल्या रॉकेटने आग लागली. दीडेक मिनिटात जुने बॉम्ब तापून फुटू लागले. 134 माणसं गेली. त्यानंतर बॉम्बना उष्णतारोधक जाड लेप आला, म्हणून ते खरखरीत दिसतात. मॉडेलवर तो पोत आणायला रंगात चिमूटभर टाल्कम पावडर पुरते. पण 1967 च्या आधीच्या विमानाखाली असे बॉम्ब लावू नयेत.

आता पट्टा. 500 पौंडी ‘मार्क 82’चा व्यास 273 मिलिमीटर, म्हणजे 1:72 मध्ये चारसुद्धा नाही! आधी नाक पिवळं करायचं (लिंबाचा पिवळा नव्हे, हळदीकडे झुकणारा), वाळल्यावर मास्किंग टेपची बारीक पट्टी गुंडाळायची आणि वरून हिरवा द्यायचा. टेप सोलताना श्वास रोखला जातो, हे खरं.

‘मुलांच्या हातात बॉम्ब कशाला?’ असं घरोघरी विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मी मुलांना 2001 चं अफगाणिस्तान सांगतो. तिथे अमेरिकेने विमानांतून अन्नाची पाकिटं टाकली, ती पिवळी. त्याच काळात टाकलेल्या क्लस्टर बॉम्बमधले शीतपेयाच्या डब्याएवढे छोटे बॉम्बही पिवळेच. न फुटलेले तसेच पडून राहायचे. शेवटी रेडिओवरून लोकांना सावध करावं लागलं आणि पाकिटांचा रंग बदलायचं ठरलं.

आपल्याकडे ‘केळी’ म्हटलं की मराठी माणसाला फळ आठवतं आणि कन्नड माणूस कान देतो. आपण हसतो आणि पुढे जातो. तिथल्या भुकेल्या पोराला पिवळ्याचे दोन अर्थ कोणी शिकवले होते? कारखान्यातल्या रंगाऱ्याने नियम पाळला होता, पाकीट छापणाऱ्यानेही ते उठून दिसावं म्हणूनच पिवळं निवडलं होतं. हे ऐकल्यावर पोरं पट्टा जरा जपून रंगवतात. एकाने तर सगळे बॉम्ब निळेच केले. विमान लढाऊ, बॉम्ब सरावाचे. नियमात अगदी चोख बसतं.