उष्टं जातं कुठे?

मेस कमिटीपुढे सध्या एक सूचना आहे. भांडी घासायच्या सिंकखाली खरकटं दळायचं मशीन, म्हणजे फूड वेस्ट डिस्पोजर बसवा. बादल्या नकोत, माश्या नकोत, वास नको. ऐकायला झकास! अमेरिकेतल्या प्रत्येकाच्या मावसभावाकडे ते असतंच, मग आपल्याकडे का नको? माझा याला विरोध आहे. मशीनला नाही हं, ते बसवायच्या जागेला.

आधी मशीनबद्दल. आत मिक्सरसारखी पाती असतात असं बऱ्याच जणांना वाटतं. नसतात. तळाशी गरगर फिरणारी तबकडी आणि तिच्यावर दोन दाते. त्या वेगाने खरकटं बाजूच्या खवणीसारख्या कड्यावर आपटतं, किसलं जातं आणि पाण्याबरोबर पाइपात उतरतं. जॉन हॅम्स नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टने १९२७ साली हे डोकं चालवलं. योगायोग बघा, देवनारचं डंपिंग ग्राउंडही त्याच सालचं!

वापरायची रीत सोपी, पण पाळायला चिकाटी लागते. आधी गार पाणी सोडायचं, मग स्विच, मग थोडं थोडं खरकटं. दळून झाल्यावरही पाणी थोडा वेळ चालू ठेवायचं. गरम पाणी नको, कारण वितळलेलं तूप-तेल पुढे जाऊन पाइपात थिजतं. शेवग्याच्या शेंगा, मक्याची सालं, नारळाची शेंडी यांचे धागे तबकडीला गुंडाळतात. भात आणि चहाचा चोथा तर पाइपाच्या वळणावर गाळासारखा बसतो (आणि आपल्या मेसमध्ये उरतो काय, तर भातच!). मशीन अडकलं तर आत हात अजिबात घालायचा नाही. प्लग काढायचा, बुडाच्या भोकात ॲलन की घालून तबकडी मागेपुढे हलवायची, मग लाल रीसेट बटण दाबायचं.

चार माणसांच्या घरात हे जमतं. मेसमध्ये रात्री साडेनऊला ताटांची थप्पी समोर असताना हे कोण करणार? मावशी. पाइप तुंबल्यावर उपसणार कोण? त्याही मावशीच. सूचना करणाऱ्यांनी एक रविवार सिंकपाशी उभं राहून बघावं.

आणि दळलेलं उष्टं नाहीसं होत नाही, फक्त दिसेनासं होतं. कांदिवलीचं सगळं सांडपाणी काही मालाडच्या मलनिःसारण केंद्रापर्यंत पोचत नाही. बरंचसं पोईसर नदीत उतरतं. नॅशनल पार्कच्या डोंगरातून निघालेली ही नदी आपल्याकडे येईपर्यंत लोक तिला नालाच म्हणू लागतात. २६ जुलै २००५ ला तिने काय केलं ते इथल्या जुन्या स्टाफला विचारा. न्यूयॉर्कनेसुद्धा आपल्या जुन्या गटारांच्या काळजीने शहराच्या बऱ्याच भागात १९९७ पर्यंत या मशीनला बंदी ठेवली होती. आपली गटारं त्याहून दणकट आहेत असं सिव्हिलच्या सरांनी लिहून दिलं, तर मी माघार घेतो.

मग मशीन कुठे लावायचं? गॅस प्लांटच्या तोंडाशी. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या 'निसर्गऋण' प्लांटमध्ये हेच होतं. ओला कचरा पाण्याबरोबर दळायचा, तो रगडा आधी गरम टाकीत हवेवर कुजवायचा आणि मग हवाबंद टाकीत. हाती येतो मिथेनवाला गॅस आणि खत. दळणं तेच, फक्त पाइपाचं दुसरं टोक आपल्याच आवारात. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही दिवसाला १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं.

कटकटी इथेही आहेत. हाडं, करवंट्या, सॉसची पाकिटं, टूथपिक ताटातून आपणच वेगळी काढायला हवीत. दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेल रिकामं झालं की टाकीतले जंतू उपाशी. परत आल्यावर एकदम भरपूर घातलं तर टाकी आंबट होते आणि गॅस बंद. तेव्हा सुट्टीत स्टाफ क्वार्टर्सचा ओला कचरा मिळेल का, हे आधीच विचारून ठेवायला हवं. गॅसवर अख्खा स्वयंपाक होईल अशा भ्रमातही राहू नये, चहा झाला तरी पुष्कळ. पण मेकॅनिकल, सिव्हिल आणि इलेक्ट्रिकल या तिन्हींना फायनल इयरचा खराखुरा प्रोजेक्ट मिळेल, तोही दर सेमिस्टरला रीडिंग घेता येईल असा.

कमिटीच्या पुढच्या मीटिंगला मी हे लेखी देणार आहे. सह्यांचा कागद मेसच्या काउंटरवर, पाण्याच्या जगशेजारी ठेवलाय.