सावलीचा धान, समुद्राचे भाडे

एप्रिल २०२५ मध्ये आठवडाभराच्या अंतराने दोन निर्णय झाले. दिल्लीत केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. लांबी २४० किलोमीटर, खर्च सुमारे ४,८१९ कोटी रुपये. लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या समितीने मोठ्या मालवाहू जहाजांच्या धुरावर आकार बसवण्याचा आराखडा बहुमताने संमत केला आणि भारताने त्याच्या बाजूने मत दिले. पहिल्या बातमीचे पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत स्वागत झाले. दुसऱ्या बातमीकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली तालुक्यातला धान मात्र या दोन्ही निर्णयांच्या वाटेवर आहे.

पूर्व विदर्भातला जाडा धान उकडून, भरडून काकीनाडा आणि विशाखापट्टणम बंदरांकडे जातो. तिथून बिगरबासमती तांदळाची जहाजे पश्चिम आफ्रिकेला निघतात. या तांदळाच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांत बेनिनसारखा चिमुकला देश आहे. जगातल्या तांदळाच्या व्यापारातला सुमारे ४० टक्के वाटा भारताचा आहे आणि २०२४-२५ मध्ये आपण सुमारे दोन कोटी टन तांदूळ बाहेर पाठवला. त्यात झाडीपट्टीचा हिस्सा लहान असेल. पण इथल्या मिलच्या दारात धानाला काय भाव निघतो, हे त्या दोन कोटी टनांच्या भावावर ठरते.

प्रश्न असा की खंडाखंडांमधली ही मालवाहतूक अशीच चालू राहावी का, आणि राहायची असेल तर तिचा भार कुणी उचलायचा?

पहिली बाजू सरळ आहे. ज्याने त्याने आपल्या जवळचे अन्न खावे, हजारो किलोमीटर धान्य वाहून नेणे हा पृथ्वीवरचा अत्याचार आहे, असे मानणारी माणसे प्रामाणिक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. जगाच्या व्यापारातला ८० टक्क्यांहून अधिक माल वजनाच्या हिशेबाने समुद्रमार्गे जातो, आणि जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे तीन टक्के या जहाजांच्या धुराड्यांतून निघतात. हा वाटा एखाद्या मोठ्या औद्योगिक देशाएवढा आहे.

पण ढोबळ हिशेब मांडला की चित्र बदलते. सावली ते काकीनाडा रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटर. काकीनाड्याहून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून बेनिनच्या कोटोनू बंदरापर्यंत चौदा-साडेचौदा हजार किलोमीटर. ट्रक एक टन माल एक किलोमीटर नेताना साधारण ८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो, मालवाहू जहाज साधारण ८ ग्रॅम. म्हणजे टनामागे समुद्रावर ११५ किलोच्या आसपास आणि रस्त्यावर ४८ किलो. एकूण अंतरात रस्त्याचा वाटा चार टक्के, धुरात मात्र तो तीस टक्क्यांच्या घरात. ट्रक रिकामा परतला तर आणखी जास्त. हाच माल मूलच्या मालधक्क्यावरून रेल्वेने गेला तर अंतर थोडे वाढते, पण धूर आठ-दहा किलोंवर येतो. समुद्रावरच्या जहाजाचे इंजिन बदलायला पंचवीस-तीस वर्षे लागतील. मूल ते काकीनाडा हा टप्पा मात्र आपल्या हातात आहे आणि तो लवकर सुधारता येतो.

शिवाय वाहतुकीचा धूर हा तांदळाच्या एकूण भाराचा छोटा भाग आहे. पाणी साचलेल्या बांध्यांतून मिथेन निघतो. जागतिक सरासरी पाहिली तर एक किलो तांदळामागे सुमारे चार किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो आणि त्यातला बहुतेक शेतातच तयार होतो. म्हणून तांदूळ कुठून आला यापेक्षा तो कसा पिकवला, हे अधिक महत्त्वाचे ठरते. इथे झाडीपट्टीची बाजू भक्कम आहे. पंजाबात धानासाठी कूपनलिका वर्षागणिक खोल जात आहेत. जमिनीखालचे पाणी उपसून ते पोत्यांत भरून परदेशी पाठवायचे, असा तो व्यवहार आहे. आपल्याकडे मुख्यतः पावसावर, मालगुजारी तलावांवर आणि कालव्यांवर रोवणी होते. सावली तालुक्यातला पाथरीजवळचा आसोलामेंढा तलाव ब्रिटिश काळातला. आता गोसीखुर्द धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी त्यात आणले जाते. देशाला तांदूळ निर्यात करायचाच असेल तर तो अशा मुलखातून जावा, याला निसर्गाच्या अंगानेही आधार आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतून एचएमटी हे वाण निवडले. वाणापासून पाण्यापर्यंत या भागाकडे देण्यासारखे पुष्कळ आहे.

बरे, निर्यात एकाएकी थांबवली तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. २० जुलै २०२३ रोजी सरकारने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि पुढच्या महिन्यात उकड्या तांदळावर २० टक्के शुल्क लावले. देशातली महागाई आवरणे हा हेतू चुकीचा नव्हता. शहरातल्या मजुराच्या ताटाची काळजी सरकारने करायलाच हवी. पण जगात तांदळाचे भाव भडकले, आयातीवर जगणाऱ्या गरीब देशांना झळ बसली, आणि धान पिकवणाऱ्याच्या हातून वाढीव भावाची संधी गेली. बंदी उठायला सप्टेंबर २०२४ उजाडला आणि उकड्यावरचे शुल्क ऑक्टोबरमध्ये शून्यावर आले. एका रात्रीत उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या दारावर कुणी मिलमालक चांगली यंत्रे बसवणार नाही, कुणी गोदाम बांधणार नाही. टिकाऊ वाहतूक हवी असेल तर आधी धोरण टिकाऊ हवे. शुल्क टप्प्याटप्प्याने चढवा-उतरवा, पण पेरणी झाल्यावर नियम बदलू नका.

आता लंडनच्या आकाराकडे वळू. आराखड्यात ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडणाऱ्या जहाजांना जादा धुरासाठी टप्प्यानुसार टनामागे १०० किंवा ३८० डॉलर भरावे लागतील, अशी योजना होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिच्यावरचा अंतिम निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला. अमेरिकेचा विरोध उघड होता. मला हा आकार तत्त्वतः योग्य वाटतो. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही म्हणून त्यावरचा धूर फुकट, हे किती दिवस चालणार? पण तो शेवटी कुणाच्या खिशातून जाईल, हे पाहिल्याशिवाय त्याला नुसती मान डोलावता येत नाही.

समजा सगळ्याच धुरावर टनामागे १०० डॉलर बसले. वरच्या हिशेबातल्या ११५ किलोंसाठी एक टन तांदळामागे साडेअकरा डॉलर, म्हणजे हजार रुपयांच्या आसपास; किलोला एक रुपया. कोटोनूच्या बाजारात तो वाढला तर तिथली गरीब आई तो भरेल. तिथे व्हिएतनाम किंवा थायलंडच्या तांदळाशी चढाओढ असल्यामुळे तो वाढवता आला नाही, तर व्यापारी तो मागे ढकलेल आणि मिलवाला धानाच्या भावातून कापेल. क्विंटलभर धानातून ६८ किलोच्या आसपास तांदूळ निघतो, म्हणजे क्विंटलला सुमारे ६८ रुपये. केंद्राने २०२५-२६ साठी साध्या धानाचा हमीभाव २,३०० वरून २,३६९ रुपये केला. वाढ ६९ रुपये. म्हणजे समुद्रावरचा आकार एका वर्षाची अख्खी हमीभाववाढ गिळू शकतो. प्रत्यक्षात आराखड्यातला आकार फक्त मर्यादेवरच्या धुरावर असल्याने बोजा सुरुवातीला याहून कमी असेल, हे मान्य. आधारभूत केंद्रावर धान देणाऱ्याला हमीभावाचे कवच आहे, हेही मान्य. पण केंद्र उशिरा सुरू होते, बारदाना संपतो, चुकाऱ्यासाठी थांबावे लागते, आणि हातघाईला आलेला शेतकरी गावात आलेल्या व्यापाऱ्याला धान विकून मोकळा होतो. कवच सगळ्यांच्या अंगावर नाही.

म्हणून भारताने या आकाराला विरोध करू नये, पण दोन गोष्टींचा हट्ट धरावा. अन्नधान्याच्या जहाजांना आरंभीची काही वर्षे सवलत मिळावी; आणि जमा होणारा पैसा श्रीमंत देशांच्या जहाजबांधणीतच न मुरता गरीब देशांच्या बंदरांपर्यंत आणि बंदरांमागच्या रेल्वेमार्गांपर्यंत पोहोचावा. बंदराच्या फाटकाशी हिशेब थांबला, तर सावलीसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या मुलखाच्या वाट्याला फक्त खर्च येईल.

रेल्वेचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे दोन चांगल्या गोष्टी आमनेसामने उभ्या आहेत. गोंदिया–बल्लारशा मार्ग नागभीड, सिंदेवाही, मूल असा जंगलातून जातो. ताडोबातून नागझिऱ्याकडे, पुढे कान्ह्याकडे जाणाऱ्या वाघांची वाट याच रुळांना आडवी येते. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी चिचपल्लीजवळ याच मार्गावर रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे चिरडले गेले. त्या वेळी एकच रूळ होता. दुसरा रूळ आला की गाड्या वाढतील, वेग वाढेल, ओलांडायची पट्टी रुंद होईल. आणि वाघाची वाट तुटली की तो अडकतो त्या तुकड्यात गावे आहेत, शेते आहेत, तेंदू आणि मोहासाठी जंगलात जाणाऱ्या बाया आहेत. सावली, मूल, सिंदेवाहीत वाघाने माणूस मारल्याची बातमी नवी राहिलेली नाही. त्यामुळे हा केवळ वन्यप्राण्यांच्या प्रेमाचा मुद्दा नाही. रुळाची आखणी चुकली तर त्याची किंमत इथली माणसे जिवाने मोजतील.

दुसरा रूळ होऊच नये, असे म्हणणाऱ्यांचा राग मला समजतो. तरी मी त्यांच्याबरोबर नाही. रूळ झाला नाही म्हणून माल थांबत नाही, तो रस्त्यावर उतरतो. मालगाडीचा एक रेक सुमारे अडीच हजार टन नेतो. तेवढ्यासाठी शंभर ट्रक लागतात, आणि तेही याच जंगलातून धावतात. सूरजागड खाणीच्या लोहखनिजाने आलापल्ली–आष्टी भागातल्या रस्त्यांची जी दशा केली, धूळ, खड्डे, अपघात, ती गडचिरोली जिल्ह्याने सोसली आहे. २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची खनिजवाहिनी सुरू झाली, तेव्हा त्यातला काही भार रस्त्यावरून उतरला. खनिज दगडाच्या रूपात परदेशी जाण्यापेक्षा वैनगंगेपलीकडे कोनसरीलाच त्याचे पोलाद व्हावे, हे अधिक बरे. युरोपने जानेवारी २०२६ पासून आयात पोलादाच्या कार्बनवर शुल्क लागू केल्यामुळे ते पोलाद कसे बनते यालाही आता किंमत आहे. त्या खाणीपायी गेलेल्या जंगलाचा आणि ग्रामसभांच्या हक्कांचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि तो पोलादाने मिटत नाही.

दुहेरीकरणाला होकार देताना अट ठणकावून सांगायला हवी. पेंचजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांसाठी उंच पूल आणि खालून वाटा बांधल्या गेल्या. न्यायालयापर्यंत भांडण गेल्यानंतर का होईना, पण झाल्या. वाघ त्या वापरतात, हे कॅमेऱ्यांनी दाखवले. मग रेल्वेला ते अशक्य का असावे? वाघांच्या ज्ञात वाटांवर रूळ उंचावावा, रात्री वेगाला बांध घालावा आणि जुन्या रुळाखालीही त्याच कामात वाटा काढाव्यात. ४,८१९ कोटींच्या कामात हा खर्च डोईजड नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मंजुरीच्या वेळी सरकारने या मार्गावरून जाणाऱ्या मालात कोळसा, लोहखनिज आणि इतर खनिजे यांचा ठळक उल्लेख केला. धानासाठी हा रूळ टाकला जात नाही. मूल-सावलीतला लहान मिलवाला एकट्याने अडीच हजार टन जमवू शकत नाही, म्हणून तो ट्रकच बोलावतो, आणि दुसरा रूळ झाला तरी बोलावत राहील. वीसेक मालडब्यांचा छोटा रेक देण्याची सोय रेल्वेकडे आहे. मिलवाले आणि शेतकरी उत्पादक कंपन्या एकत्र येऊन माल जमवतील आणि पावसापासून राखलेले धान्याचे वेगळे गोदाम मालधक्क्याजवळ मिळेल, तरच ही सोय उपयोगाची. कोळशाच्या आणि खनिजाच्या धुळीत उघड्यावर तांदळाची पोती उतरवून निर्यात होत नसते. शहरालगतच्या मालधक्क्यावर ती धूळ माणसांनीही सोसू नये.

जहाजांच्या धुरावरच्या आकाराचा विषय लंडनमध्ये पुन्हा टेबलावर येणार आहे, आणि तिथे काय बोलायचे ते दिल्ली ठरवेल. दुहेरीकरणाचे नकाशे मात्र रेल्वेच्या कार्यालयात काढले जातात. एकदा भराव पडला की त्याखालून वाट काढायला गाड्या थांबवाव्या लागतात, आणि त्या कुणी थांबवत नाही. वनविभागाने वाघांच्या वाटांची यादी रेल्वेला निविदा निघण्याआधी द्यावी, ती गावागावांत जाहीर व्हावी, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या लोकप्रतिनिधींनी त्याच कागदावर मूलच्या धान्यगोदामाची मागणीही लिहून टाकावी.