मासा पळतो म्हणून

पळणाऱ्या माशाचा फोटो स्पष्ट यावा म्हणून काय काय करावं, याचे सल्ले हल्ली आपल्याच घरांतून ऐकायला मिळतात. एकीने सांगितलं, टाकीत पुढच्या काचेपासून चार बोटांवर दुसरी काच उभी घाल, मासा फटीत सापडला की जाईल कुठे? दुसरी म्हणाली, "काकू, आदल्या दिवशी खायला घालू नका. मग बघा, काचेला कसे येऊन चिकटतात!" तिसरी बोटाने काच टकटक वाजवते, चौथी अंधारात फ्लॅश मारते. आणि या चौघीही गाळल्याशिवाय पाणी पीत नाहीत, चातुर्मासात पालेभाजीला हात लावत नाहीत.

मला यांच्याशी भांडायचं आहे.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत घोकले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातले. यातला वध म्हणजे जीव घेणं नव्हे, मारहाण. म्हणजे ही सगळी यादीच मारून टाकण्याच्या अलीकडची आहे. तेव्हा "आम्ही मारतो थोडंच?" हा बचाव इथे चालत नाही. दोन काचांमध्ये कोंडणं हा यादीतला पहिला, फोटोसाठी उपाशी ठेवणं हा शेवटचा. एक दिवस खाणं चुकलं तर धडधाकट माशाला काही होत नाही, हे मला ठाऊक आहे. मासे नीट पाळणारेही मधूनच एखादा दिवस खाणं बंद ठेवतात. पण ते पाणी घाण होऊ नये म्हणून, माशासाठी. आपण ठेवतो ते स्टेटससाठी.

माशाला पापणी नसते. फ्लॅशचा उजेड अंगावर आला तर डोळे मिटून घ्यायची सोयच नाही त्याला. अंगाच्या दोन्ही बाजूंना एक बारीक रेषा असते, तिच्यातून पाण्यातली हालचाल, थरथर त्याला कळते. आपण काचेवर बोट आपटतो ते त्याला कानानेच नाही, अंगभर ऐकू जातं. मग तो सैरावैरा धावतो, आणि आपण म्हणतो, किती चपळ आहे बघा!

काही जातींचं पळणं हा स्वभावच असतो. दुकानात 'मिस केरळ' नावाने विकतात तो लाल-काळ्या पट्ट्यांचा मासा आपल्याच पश्चिम घाटातला, केरळ-कर्नाटकातल्या वाहत्या पाण्याचा. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला नावच दिलं सह्याद्रीया. शौकासाठी इतके पकडले गेले, की आज तो धोक्यात आलेल्या जातींत मोजला जातो. थव्याने, प्रवाहाच्या उलट पोहणारा जीव. त्याला आपण दीड हाताच्या पेटीत घालतो आणि वर तक्रार, की फोटोत हलतो.

फोटो काढूच नका, असं मी म्हणत नाही. पण पळणाऱ्याला धरण्यासाठी वाकायचं कुणी? फोटो काढणाऱ्याने! खोलीतले दिवे घालवा, म्हणजे काचेत आपलाच चेहरा दिसणार नाही. टाकीवरचा दिवा तेवढा राहू द्या. काच बाहेरून पुसून घ्या. कॅमेरा काचेला समोरून, सरळ धरा. तिरका धरला की चित्र फाकतं. कॅमेऱ्याचा वेग सेकंदाच्या २५० व्या भागाइतका किंवा त्याहून जलद ठेवा. मोबाईलवर एकापाठोपाठ फोटो घेण्याची सोय असते, ती वापरा. आणि मग बसा. अर्धा तास बसलं की कळतं, प्रत्येक माशाची ठरलेली वाट असते. कोपऱ्यात वळताना तो क्षणभर मंदावतो. त्या कोपऱ्यावर आधीच नेम धरून ठेवायचा. सामायिकात ४८ मिनिटं बसणाऱ्या बाईला हे जड जाऊ नये.

मृगसेन धीवराची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. जाळ्यात येणारा पहिला मासा सोडायचा, एवढंच व्रत मुनींनी दिलं. खूण करून सोडलेला तोच मासा पाचदा जाळ्यात आला आणि त्याने पाचही वेळा ओळखून सोडला. पोट त्यावर असलेला माणूस! आपल्या मोबाईलमध्ये तीनशे फोटो असतात, आणि कुठला मासा दोन दिवस खात नाहीये ते कळत नाही.

आता खाण्याचंच निघालं म्हणून. ते रंगीत दाणे कशाचे असतात, डब्यामागची बारीक अक्षरं कुणी वाचली आहेत का? बहुतेकांत माशांची भुकटी असते, कोळंबीची असते. कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत न येणाऱ्या घरांत फ्रीजमध्ये गोठवलेल्या अळ्यांची पाकिटं मी पाहिली आहेत, का तर त्या टाकल्या की मासे उसळून वर येतात आणि फोटो झकास येतो. सासूला सांगितलेलं असतं, "औषध आहे माशांचं."

हे ऐकून कुणी ताडकन उठून टाकी तळ्यात रिकामी करून येईल आणि त्याला जीवदया म्हणेल. तेही नको. दुकानातले बरेचसे मासे परदेशातले, इथल्या तळ्यात एक तर मरतील, नाही तर तिथल्यांना जगू देणार नाहीत. आहेत ते सांभाळा, दर आठवड्याला थोडं पाणी बदला, टाकीत गर्दी करू नका, ती उभी काच काढून टाका. आणि हे मासे आपल्या आयुष्याने गेले, की पुन्हा दुकानात जाऊ नका.