व्हिडिओ अडकतोय म्हणून नवा कॉम्प्युटर घेऊ नका!



माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, व्हिडिओ चालेना, म्हणून भांडवलातले पंचवीस-तीस हजार मोडून नवं मशीन घेणं हा धंद्यातला शुद्ध तोटा आहे. आधी दहा मिनिटं तपासा, मग खिशात हात घाला.

हा विषय आत्ताच का? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. म्हणजे चांगलं चालणारं मशीन एका दिवसात 'जुनं' ठरलं. त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू फुकट बसतं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतही आहेत. पण धडा बघायला आधी व्हिडिओ तर चालला पाहिजे ना!

आता क्रमाने बघा.

एक, व्हिडिओ उघडतच नाही. तीच फाईल व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा. तिथं चालली, तर फाईल चांगली आहे आणि मशीनही ठीक आहे. फक्त तुमच्या सिस्टीममध्ये कोडेक नाही. कोडेक म्हणजे दाबून लहान केलेला व्हिडिओ परत उलगडणारा प्रोग्रॅम. काही कोडेकवर पेटंट आहेत, म्हणून अनेक लिनक्स ते आधीपासून देत नाहीत. मिंटच्या मेनूत 'मल्टिमीडिया कोडेक्स' शोधा, उबंटूमध्ये 'रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज' टाका. दोन्ही फुकट.

दोन, व्हिडिओ चालतो, पण धक्के खात. इथं बहुतेक वेळा प्रोसेसरवर जास्त भार पडलेला असतो. चौथ्या पिढीचा आय-थ्री एच.२६४ व्हिडिओ ग्राफिक्स चिपवर आरामात उलगडतो. एचईव्हीसी आला की सगळं ओझं प्रोसेसरवर. आजचे बरेच मोबाईल एचईव्हीसीत शूट करतात. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा, अँड्रॉइडमध्ये 'हाय एफिशियन्सी' बंद करा. यूट्यूब अडकत असेल, तर आधी क्वालिटी ७२० किंवा ४८० वर आणा.

तीन, पैसे भरलेला कोर्स किंवा ओटीटी फायरफॉक्समध्ये दिसत नाही. सेटिंगमध्ये 'डीआरएम' असलेला मजकूर चालवण्याची परवानगी द्या.

चार, चित्र आहे, आवाज नाही. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट बघा. टीव्हीची एचडीएमआय वायर जोडली की आवाज कधीकधी तिकडं जातो आणि स्पीकर गप्प बसतात.

यात धंद्याचा काय संबंध, असं कोण विचारेल. आहे की! चपलांचा स्टॉल असो, गुळाचं पॅकिंग असो, आज गिऱ्हाईक मालाचा व्हिडिओ मागतं. तो ऐनवेळी अडकला, तर ऑर्डरही अडकते. म्हणून गिऱ्हाईकाला दाखवायचा व्हिडिओ एमपी-फोर, एच.२६४ मध्येच ठेवा. तो जवळपास सगळीकडं चालतो.

आता दुसरी बाजूही ऐका. लिनक्स सगळ्यांसाठी नाही. टॅलीप्राइम लिनक्सवर थेट चालत नाही. तुमचा सगळा हिशोब टॅलीत असेल, तर त्या मशीनला हात लावू नका. हार्डडिस्क कुरकुरत असेल किंवा रॅम दोनच जीबी असेल, तर कोडेक टाकून काही होणार नाही, तिथं खर्च करावाच लागेल. पण तेव्हाही आधी एसएसडी आणि रॅमचा भाव विचारा, नव्या मशीनचा नंतर.

कळंब्यात दुकान टाकायचं असो की घरातून धंदा, सुरुवातीचं भांडवल मालात आणि गिऱ्हाईकात गेलं पाहिजे. दुरुस्तीवाल्याकडं जाताना 'व्हिडिओ चालत नाही' एवढंच सांगू नका. कोणती फाईल, कोणत्या प्लेअरमध्ये, चित्र बंद की आवाज, हे कागदावर लिहून न्या. ज्याला नेमका प्रश्न सांगता येतो, त्याला कुणी उगीच नवं मशीन विकू शकत नाही.