सायकलप्रवासातील स्वस्त मुक्काम

चिरंजीवांनी सायकलीवरून दूरच्या प्रवासाचा विषय काढिला, की वडीलधाऱ्यांस मुक्कामाच्या खर्चाची चिंता पडते. त्यांस आम्ही टॉमस होल्डिंग नामक लंडनच्या शिंप्याचे उदाहरण सांगू. १८९७ साली तो सायकलीवर राहुटी लादून आयर्लंडातील कॉनेमारा प्रांती हिंडला. १९०१ साली अशा प्रवाशांची मंडळीही त्याने स्थापिली. सारे इंगित वजनात आहे! राहुटी हलकी व घरीच शिवलेली असावी. सुई धरल्याने मुलग्याचे काही उणे होत नाही. शिधा वाटेवरच्या गावी घ्यावा. मालकास विचारल्यावाचून कोणाच्या रानात मेख ठोकू नये. नदीच्या कोरड्या पात्रात तर कदापि निजू नये. डोंगरात पडलेला पाऊस रात्री खाली उतरतो. मातोश्रींनी मात्र लाडवांचे डबे बांधून देऊ नयेत.